बॅटरीवरची साधनं घेताना पैसे नेमके कुठे वाचतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वेंगुर्ल्याजवळ जुनं कौलारू घर आहे, त्यातल्या चार खोल्यांचा होमस्टे करायचाय आणि दुरुस्तीची बरीचशी कामं स्वतःच करायची आहेत. ड्रिल, ग्राइंडर आणि जमलं तर करवत, असं बॅटरीवरचं सामान पंधरा-सोळा हजारांत बसवायचंय. ऑनलाइन ‘१२८ व्होल्ट’चं किट साडेतीन हजारांत दिसतंय, कुडाळच्या दुकानात कंपनीच्या किटला त्याच्या जवळजवळ चौपट सांगतायत, आणि पुढच्या महिन्यात मेव्हणे दुबईहून येणार आहेत. यातलं काय घ्यावं?

मी याच पट्ट्यात सुतारकाम आणि घरदुरुस्तीची कामं घेतो, आणि आता निम्म्याहून जास्त काम बॅटरीवरच होतं. त्यामुळे सविस्तर लिहितो. तुम्ही विचारलंय ड्रिल कुठे स्वस्त मिळेल. पण ड्रिलची बॉडी नीट वापरली तर दहा वर्षंही चालते. चक, म्हणजे बिट धरणारा जबडा, बदलता येतो, स्विच बदलता येतो, मोटरचे कार्बन ब्रश तर शंभर-दोनशे रुपयांत बदलून होतात. बॅटरी मात्र वापरा नाहीतर ठेवून द्या, ती दरवर्षी थोडी थोडी उतरतेच. म्हणजे पहिलं किट घेताना तुम्ही ड्रिलपेक्षा पुढची काही वर्षं कुणाच्या बॅटऱ्या विकत घेणार ते ठरवत असता. पैसे वाचतात ते तिथे, आणि बुडतात तेही तिथेच.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या आधी सांगून टाकतो. तुमचं काम दोन-तीन महिन्यांत संपणार असेल आणि प्रत्येक खोलीत प्लग पॉइंट असेल, तर वायरवालं ड्रिल आणि वायरवालं ग्राइंडर मिळून बॅटरीच्या किटच्या निम्म्याहून कमी पैशात येतं आणि काम सगळं होतं. पण होमस्टे चालवायचा म्हणजे काम संपतच नाही. कधी नळाची पट्टी सुटते, कधी दाराची बिजागरी सैल होते, पाऊस सुरू व्हायच्या आधी पन्हळी बघाव्या लागतात, शिडीवर चढून पत्र्याचे स्क्रू आवळावे लागतात. शिडीवर वायर ओढत चढणं धोक्याचं आहे, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आणि मे २०२१ चं तौक्ते ज्यांनी किनाऱ्यावर पाहिलंय, त्यांना वीज नसताना छपरावर चढायची वेळ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. म्हणून तुमच्या बाबतीत बॅटरीचं साधन घेणं मला पटतं. फक्त सगळीच साधनं बॅटरीवरची नकोत. त्याचं कारण पुढे येईल.

आता ते १२८ व्होल्ट. लिथियम सेल एकटा साधारण ३.६ व्होल्टचा धरतात, पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्टवर जातो. असे पाच सेल एकामागे एक जोडले की १८ व्होल्ट होतात, आणि पूर्ण चार्जला २१. म्हणजे एखादी कंपनी १८ लिहिते, दुसरी ‘२० मॅक्स’, तिसरी २१, तरी आत तेच पाच सेल असतात. तीन सेलचं साधन १०.८ किंवा ‘१२ मॅक्स’ म्हणून विकलं जातं. जाहिरातीत ४८, ८८, १२८ असे आकडे दिसले की त्या किटच्या चार्जरचा फोटो मोठा करून बघा. त्यावर ‘आउटपुट २१ व्होल्ट’ लिहिलेलं असेल तर बॅटरी पाच सेलची, म्हणजे १८ व्होल्टचीच आहे, बाहेर काही का छापलेलं असेना. १२.६ लिहिलेलं असेल तर तीन सेलची. हे बघायला एक मिनिट पुरतं आणि अर्ध्याअधिक ‘ऑफर’ तिथेच गळून पडतात.

दुसरा आकडा एएचचा (अँपिअर-अवर), म्हणजे बॅटरीत साठा किती. इथे फसवणूक जास्त होते, कारण एएच बाहेरून दिसत नाही. माझ्याकडे एक ओळखीचे गृहस्थ नवी घेतलेली बॅटरी घेऊन आले, ‘पाच एएच लिवलाहा, पण धा स्क्रूत बसता’ अशी तक्रार करत. माझी पाच एएचची बॅटरी आणि त्यांची, दोन्ही शेजारच्या वाण्याच्या काट्यावर ठेवल्या. माझी सहाशेवीस ग्रॅम भरली, त्यांची चारशेच्या आत. ‘हलकी आसा म्हणान घेतलंय,’ ते म्हणाले. वॉरंटी वगैरे काही नव्हतीच, म्हणून त्यांच्यासमोरच खालचे चांदणीच्या आकाराच्या खाचेचे चार स्क्रू काढून कव्हर उचललं. आत एका ओळीत पाच सेल, आणि दुसऱ्या ओळीच्या जागी नुसता प्लॅस्टिकचा रिकामा साचा. प्रत्येक सेलपासून सर्किटला जायला हव्यात त्या बारीक तारांपैकी फक्त दोन टोकाच्या जोडलेल्या होत्या, मधल्या नव्हत्याच, म्हणजे एकेका सेलवर लक्ष ठेवायची सोयच नाही.

वजनाचं गणित सोपं आहे. अशा बॅटऱ्यांत बहुतेक करून १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब सेल असतो, त्याचं वजन ४५ ते ४८ ग्रॅम. असा चांगला सेल दोन ते तीन एएचचा असतो. म्हणजे १८ व्होल्ट, ५ एएच हवेत तर दहा सेल लागणार, नुसते सेलच साडेचारशे ग्रॅमच्या वर. त्यावर खोकं, पट्ट्या, सर्किट. काही नव्या बॅटऱ्यांत २१ मिलिमीटरचे जाड सेल असतात, ते पाचच पुरतात, पण त्यांचंही प्रत्येकी वजन सत्तर ग्रॅमच्या आसपास असतं. त्यामुळे पाच एएच म्हणवणारी बॅटरी अर्ध्या किलोच्या आत भरली तर ती घेऊ नका. ‘दहा एएच’वाली तर पाऊण किलोच्या बरीच वर जायला हवी. मासळी घेताना आपण कल्ले उचलून बघतो, तशी बॅटरी हातात घेऊन तोलून बघायची सवय लावा. ऑनलाइन घेणार असाल तर वर्णनात बॅटरीचं वजन दिलंय का बघा, आणि माल आल्या दिवशीच काट्यावर ठेवा, परत करायची मुदत असेपर्यंत.

आणखी एक तपासणी घरी होते. चार्जरवर अँपिअरचा आकडा असतो, समजा १ अँपिअर. पूर्ण उतरलेली बॅटरी त्यावर लावली आणि दीड तासात हिरवा दिवा लागला, तर तिच्यात फार तर दीड एएच मावलेत. पाच एएच भरायला त्या चार्जरला पाच तासांहून जास्तच लागले पाहिजेत.

त्या साडेतीन हजारांच्या किटबद्दल माझं मत विचाराल तर, पडद्याच्या पट्ट्या आणि फोटोंचे हुक लावायला ते चालेल. त्याला १८ व्होल्टचं, दीड-दोन एएचचं साधं किट समजून किंमत द्यायची असेल तर द्या. पण दोन वर्षांनी बॅटरी गेली की त्याच खाचेची दुसरी मिळेल याची खात्री नसते आणि मग ड्रिल धड असूनही माळ्यावर जातं. काही किटची खाच मकिता कंपनीच्या साधनांसारखी असते, म्हणून विकणारा सांगतो ‘कुठलीही बसते’. बसते खरी. पण बॅटरी आणि साधन यांच्यात जादा तापली किंवा फार उतरली की थांबायचं जे बोलणं चालतं, ते तसंच चालेल याची हमी नुसत्या खाचेवरून मिळत नाही.

कंपनीचं घेताना खाचेची आणखी नीट चौकशी करावी लागते, कारण एकाच कंपनीत दोन-दोन घराणी असतात. मकिताच्या १८ व्होल्टमध्येच एलएक्सटी वेगळी आणि स्वस्तातली ‘जी’ (इंग्रजी G) मालिका वेगळी, एकीची बॅटरी दुसरीला लागत नाही. ‘जी’ मालिकेचं ड्रिल किट दुकानात स्वस्त दिसतं आणि सुरुवातीला छान चालतं, पण पुढे ग्राइंडर, करवत, ब्लोअर घ्यायला जाल तेव्हा पसारा सगळा एलएक्सटीत आहे हे कळतं. त्यांची ४० व्होल्ट मॅक्स तर तिसरीच. बॉशमध्ये निळी प्रोफेशनल आणि हिरवी घरगुती, दोन्हींवर १८ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि एकमेकांत बसत नाहीत. डीवॉल्टचं उलट आहे, त्यांचं ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि ‘१८ व्होल्ट एक्सआर’ हे एकच. दुकानदाराला नुसतं ‘१८ची बॅटरी आहे का’ विचारू नका. बॅटरीचा मॉडेल नंबर विचारा आणि त्यावर अजून कुठली साधनं चालतात त्याची यादी मागा. यादी लांब असेल तर त्या घराण्यात पैसे घालायला हरकत नाही.

आता खरा हिशोब. बॅटरी किती स्वस्त ते वॅट-अवरवर मोजा: व्होल्ट गुणिले एएच. १८ व्होल्ट २ एएच म्हणजे ३६ वॅट-अवर, ५ एएच म्हणजे ९०. खालचे आकडे नुसता हिशोब दाखवायला घेतलेत, तुमच्या दुकानातले आकडे घालून बघा. समजा दोन एएचच्या दोन बॅटऱ्या, चार्जर आणि ड्रिल मिळून अकरा हजार. तेच ड्रिल पाच एएचच्या दोन बॅटऱ्यांसह साडेचौदा हजार. वरवर बघता पहिलं स्वस्त. पण दुसऱ्यात साडेतीन हजार जादा देऊन १०८ वॅट-अवर जास्त मिळाले, म्हणजे वॅट-अवरला साधारण ३२ रुपये. तीच पाच एएचची बॅटरी पुढे सुटी घ्यायला गेलात आणि ती सहा हजार असली, तर वॅट-अवरला ६७ रुपये पडले. किटमधली बॅटरी सुट्या बॅटरीपेक्षा बहुतेक वेळा बरीच स्वस्त पडते, कारण कंपन्यांना तुम्हाला त्यांच्या घराण्यात आणायचं असतं. म्हणून माझा शिरस्ता असा की पहिल्या किटमध्येच बॅटऱ्या मोठ्या घ्यायच्या, आणि त्यानंतर नुसत्या बॉड्या. मकितात मॉडेल नंबरच्या शेवटी झेड असला की बहुधा नुसती बॉडी, बॉशमध्ये खोक्यावर ‘सोलो’ लिहितात. ऑनलाइन किंमत फारच कमी दिसली की आधी हेच बघा. पुष्कळ लोक बॉडी मागवतात आणि खोक्यात बॅटरी नाही म्हणून विकणाऱ्याशी भांडत बसतात.

मोठे व्यापारी किट फोडूनही विकतात, ड्रिल एकाला, बॅटऱ्या दुसऱ्याला. अशी किटमधून काढलेली अस्सल बॅटरी खरोखर चांगला सौदा असू शकते. अट एकच, पक्क्या बिलावर बॅटरीचा मॉडेल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटी कोण देणार ते तोंडी नको, बिलाच्या मागे लिहून द्यायला सांगा. बॅटरीची वॉरंटी साधनापेक्षा वेगळी असू शकते, तेही तिथेच विचारा. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि सगळ्या करांसकट कमाल किंमत छापलेलं लेबल कायद्याने असावंच लागतं. ते नसेल तर माल कुठून आला ते दुकानदारालाही माहीत नसतं किंवा सांगायचं नसतं. बॅटरीवरची तारीखही बघा. दोन-तीन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेली बॅटरी ‘नवी, सीलबंद’ असली तरी तिचं वय सुरू झालेलं असतं. तशी मिळत असेल तर किंमत त्या मानाने कमी करून घ्या, नाहीतर सोडा.

कुठून घ्यावं हा पुढचा प्रश्न. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूची दुकानं, इथे भाव कुडाळ-सावंतवाडीपेक्षा खाली मिळतो यात शंका नाही. तुम्हाला तर म्हापसाही हाकेच्या अंतरावर आहे. पण दीड हजार वाचवायला आंबोली घाट चढून कोल्हापूरला गेलात तर डिझेल आणि एक दिवस त्यातच जातो. दुसऱ्या कामाला जाणारच असाल तर जरूर बघा. मी मात्र जवळचा डीलर थोडा महाग असला तरी पहिलं किट त्याच्याकडून घेण्याच्या बाजूचा आहे. आमच्याकडे वॉरंटीतला माल डीलर गोळा करतो आणि घाटावर सर्व्हिस सेंटरला पाठवतो. ज्याच्याकडून घेतलं नाही तो तुमचं ड्रिल स्वतःच्या खर्चाने कशाला पाठवील? लिथियम बॅटरी विमानमालात धोकादायक माल म्हणून धरतात, त्यामुळे ऑनलाइन घेतलेली बिघडलेली बॅटरी कुरियरने परत पाठवणं हे वेगळंच दुखणं आहे. पुष्कळ कुरियरवाले नुसती बॅटरी घेतच नाहीत.

त्या डीलरकडे भाव करायचाही एक मार्ग आहे. ऑनलाइन किंमत मोबाइलवर दाखवून ‘एवढ्याला द्या’ म्हटलं की तो वैतागतो. त्याऐवजी ‘तुमच्याच भावाला घेतो, पण बिट्सचा चांगला संच आणि दोन डायमंड ब्लेड त्यात घाला’ म्हणून बघा. ॲक्सेसरीजवर त्याला सुटतं जास्त, म्हणून तिथे तो हात सैल सोडतो, आणि तुम्हाला त्या लागणारच असतात. चांगली बिट असलेलं साधं ड्रिल जुन्या किंजळीच्या किंवा ऐनाच्या वाशात सरळ उतरतं. भोथऱ्या बिटला कितीही व्होल्ट द्या, धूर निघतो आणि बॅटरी मात्र संपते.

वेळेचं म्हणाल तर गणपतीच्या आधीचा महिना टाळा. सगळे चाकरमानी घरं नीट करायला लागलेले असतात, दुकानदाराला भाव पाडायची गरज नसते. नवरात्र ते दिवाळी ऑनलाइन आणि दुकानात दोन्हीकडे योजना असतात, मार्चअखेर डीलर जुना साठा काढतात. पण ‘५५ टक्के सूट’ हा आकडा डोक्यातून काढून टाका. छापील किमतीला ही साधनं एरवीही कुणी विकत नाही. महिनाभर आधीपासून दोन-तीन ठिकाणचा रोजचा भाव टिपून ठेवा, मग सेलमध्ये खरी घट किती ते दिसेल. जीएसटी नोंदणी असलेल्या ठेकेदारांसाठी जाता जाता: या साधनांवर १८ टक्के कर आहे, म्हणजे साडेचौदा हजारांत जवळजवळ बावीसशे. कंपोझिशन योजनेत (ठोक दराने कर भरायची सवलत) नसाल तर बिलावर स्वतःचा जीएसटी नंबर घालून घ्या, तेवढी रक्कम तुम्ही भरायच्या करातून वजा होते. कच्च्या बिलावर हजार रुपये कमी मिळाले तरी तुमचा तोटाच आहे.

मेव्हण्यांकडून मागवायचं का? रत्नागिरी-सिंधुदुर्गात पुष्कळ घरांतलं कुणी ना कुणी आखातात असतं, त्यामुळे हा प्रश्न मला नेहमी येतो. तिथे भाव चांगला मिळू शकतो आणि अस्सल मालही सहज मिळतो. वीज तिथलीही आपल्यासारखी २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ. फक्त प्लग चौकोनी पिनांचा असतो, त्याला अडॅप्टर लागेल. अमेरिकेतून कुणी आणणार असेल तर सांभाळा, तिथला चार्जर १२० व्होल्टचा असतो, इथे सरळ लावला तर जळेल. विमानाचा नियम असा: सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, हातातल्या बॅगेतच न्यायच्या, टोकं झाकून. १०० वॅट-अवरपर्यंत परवानगीची गरज नाही, १०० ते १६० साठी एअरलाइनची परवानगी आणि जास्तीत जास्त दोन, १६० च्या वर बंदीच. म्हणजे १८ व्होल्टची ५ एएच बॅटरी ९० वॅट-अवरची, ती चालते. ६ एएच १०८ ची, तिला परवानगी लागते. ड्रिल मात्र हातात नेऊ देत नाहीत, ते बॅटरी काढून चेक-इनमध्ये. वॉरंटी बहुतेक ज्या देशात घेतलं तिथलीच चालते. म्हणून मी लोकांना सांगतो, पहिलं किट इथे बिलावर घ्या आणि आखातातून त्याच घराण्याची नुसती बॉडी किंवा एखादी जादा बॅटरी मागवा. मेव्हण्यांना निघण्यापूर्वी बॅटरीच्या लेबलचा फोटो पाठवायला सांगा, वॅट-अवर त्यावरच छापलेलं असतं.

सेकंडहँड घेण्यात गैर काही नाही, पण बॉडी एका डोळ्याने आणि बॅटरी दुसऱ्या डोळ्याने बघा. बॉडीचं सोपं आहे. चकमध्ये लांब बिट लावून फिरवा, टोक डगमगतं का बघा. बेअरिंगचा घरघराट ऐका, स्विच हळूहळू दाबून वेग हळूहळू वाढतो का बघा. किनाऱ्यावरच्या माणसाकडून घेताना बॅटरीच्या खाचेतल्या पट्ट्यांवर पांढरी-हिरवी बुरशी धरल्यासारखी दिसते का, तेही टॉर्च मारून बघा. ती खाऱ्या हवेची करणी असते. वरवरची असेल तर पुसून जाते, पण पट्टी खाल्लेली असेल तर साधन सोडून द्या. बॅटरीला मल्टिमीटर लावून व्होल्ट मोजा. पूर्ण चार्ज झालेली १८ ची बॅटरी वीसच्या वर दाखवते. सोळा-सतराच्या आसपास अडकली असेल तर पाचांतला एक सेल (मोठ्या बॅटरीत सेलची एक जोडी) मेलेला असण्याची शक्यता मोठी. आज रात्री वीसच्या वर आणि उद्या सकाळी एकोणीस, असं न वापरता होत असेल तरी आत कुणीतरी गळतंय. ही तपासणी करू न देणाऱ्याकडून बॅटरी फुकट मिळाली तरी घेऊ नये. घ्यायचीच झाली तर नुसती बॉडी घ्या.

जुन्या बॅटरीत सेल बदलून देणारेही असतात. काम जमतं, पण दोन प्रश्न विचारल्याशिवाय देऊ नका. सेल जास्त करंट देणारे, साधनांसाठीचे आहेत का? पॉवर बँक किंवा लॅपटॉपमधले सेल एएचला मोठे असतात, पण ग्राइंडर लावला की वीस अँपिअर आणि त्यावर खेचतो, ते त्यांना झेपत नाही, तापतात. आणि जोड स्पॉट वेल्डिंगने करणार की सोल्डरने? सेलवर थेट सोल्डरिंग गन टेकवली की आतलं नुकसान तिथेच सुरू होतं. या दोन प्रश्नांना सरळ उत्तर नाही मिळालं तर निघून या. आपली घरं लाकडाची आहेत, अशा दुरुस्त केलेल्या बॅटऱ्या रात्री सगळे झोपल्यावर चार्जिंगला लावू नका.

तुमच्या पंधरा-सोळा हजारांची वाटणी मी अशी केली असती: साधारण तीन चतुर्थांश रक्कम १८ व्होल्टच्या एका चांगल्या ड्रिल किटवर, हॅमरची (फिरता फिरता ठोके द्यायची) सोय असलेलं, दोन बॅटऱ्या, त्यातली एक तरी चार-पाच एएचची. जांभ्याच्या चिऱ्यात ते आरामात भोक पाडतं. काँक्रीटच्या स्लॅबला मात्र मोठं हॅमर ड्रिल दिवसाच्या भाड्याने आणा. उरलेल्यातून चार इंची वायरवालं ग्राइंडर आणि चांगल्या बिट्स. ग्राइंडर बॅटरीवर नको म्हणतो त्याचं कारण हिशोबातच आहे. कापताना तो पाचशे वॅट खेचत असेल तर ९० वॅट-अवरची पूर्ण भरलेली बॅटरी अकरा मिनिटांत संपली. फरशी किंवा चिरा कापत बसायचं असेल तर दोन बॅटऱ्या चार्जरवर आणि तुम्ही पायरीवर, असं होईल. उलट स्क्रूचं काम करताना तीच बॅटरी दिवसभर पुरते. करवत आता नको. वासे-रीपा किती बदलायच्या ते छप्पर उघडल्यावर कळेल, तेव्हा त्याच घराण्यातली नुसती बॉडी घ्या.

घेतल्यावर बॅटऱ्या टिकवणं हाही सौद्याचाच भाग आहे. मे महिन्यात बंद गाडीत डॅशबोर्डवर बॅटरी विसरू नका, उष्णतेइतकं तिला दुसरं काही लवकर मारत नाही. कामानंतर गरम असताना लगेच चार्जरवर चढवू नका, अर्धा तास थंड होऊ द्या. पावसात महिनाभर वापरायची नसेल तर अर्धी भरलेली, साधनातून काढून, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पूर्ण उतरलेली ठेवलीत तर ती आणखी खाली जाते आणि मग चार्जर तिला ओळखतच नाही. किनाऱ्याला लागून राहत असाल तर महिन्यातून एकदा पट्ट्या कोरड्या सुती फडक्याने पुसा. आणि एखादी फुगली, तडकली किंवा विचित्र वास यायला लागला तर ती घराबाहेर उघड्यावर, मातीवर किंवा चिऱ्यावर नेऊन ठेवा आणि डीलरकडे परत करा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा करून रिसायकलिंगला पोचवण्याची जबाबदारी ती बाजारात आणणाऱ्या कंपनीची आहे, तुम्ही ती ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका आणि परसात पुरूही नका.